पर्ससीनबद्दलचं निवेदन : ‘केरळच्या निकालाने बंदी सांगितली आहे’ असं कृपया लिहू नका

रापणकाराची लेक | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मालवण तालुक्यातल्या एका वाडीतून लिहिते आहे. घरची रापण आहे, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोन दोऱ्यांनी ओढायचं जाळं. वडील आणि दोन काका अजून दोरीला असतात. मी वकिलीचं शिक्षण घेऊन चार वर्षं तालुक्याच्या कोर्टात काम करते. वाडीतल्या रापणकारांनी आणि छोट्या गिलनेटवाल्यांनी (पाण्यात उभं जाळं लावणाऱ्यांनी) मिळून पर्ससीनबद्दल, म्हणजे माशांच्या थव्याला गोल घालून आवळायच्या मोठ्या जाळ्याबद्दल, शासनाला सविस्तर निवेदन द्यायचं ठरवलं आहे आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. किनाऱ्यावर आणखी बऱ्याच गावांत अशी निवेदनं लिहिली जातात, म्हणून माझी एक चूक आणि त्यातून काय हाती लागलं ते इथे मांडते. दुरुस्त्या हव्याच आहेत.

मागच्या वर्षी आम्ही चौदा पानांचं निवेदन घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. पहिल्याच पानावर मी ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘सर्वोच्च न्यायालयाने पर्ससीनवर बंदी घातली पाहिजे असे केरळच्या प्रकरणात सांगितले आहे.’ समोरच्या साहेबांनी ते वाचलं आणि शांतपणे विचारलं, ‘कुठल्या परिच्छेदात?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तो निकाल वाचलाच नव्हता. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला चार ओळींचा सारांश उतरवला होता. साहेबांनी पुढची तेरा पानं उलटलीसुद्धा नाहीत. बाहेर बाकावर बाबा बसले होते. ‘घेतलान काय?’ एवढंच त्यांनी विचारलं. घेतलं होतं, पण वाचलं जाणार नव्हतं, आणि त्याला मी जबाबदार होते.

घरी आल्यावर तो निकाल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. केरळ राज्य विरुद्ध जोसेफ अँटनी, १९९३. केरळने १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला आणि १९८४ मध्ये अधिसूचना काढून आपल्या सागरी हद्दीत पर्ससीन, रिंगसीन अशा जाळ्यांना मनाई केली. यांत्रिक बोटींचे मालक न्यायालयात गेले. घटनेच्या कलम १९(१)(छ) नुसार धंदा करायचं स्वातंत्र्य आहे, ते असं हिरावता येणार नाही, हे त्यांचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. पारंपरिक मच्छीमारांची उपजीविका आणि माशांचं जतन, या दोन्ही कारणांसाठी राज्य असा निर्बंध घालू शकतं, असं ठरलं.

‘घालू शकतं’. माझी चूक या शब्दात होती. न्यायालयाने केरळला बंदी घाला असं सांगितलं नव्हतं. केरळने आधीच घातलेली बंदी घटनेत बसते एवढं सांगितलं. अधिकार आहे असं म्हणणं वेगळं आणि तो वापरायलाच हवा असं म्हणणं वेगळं. पहिलं निकालातून मिळतं. दुसरं आपल्याला आपल्या किनाऱ्यावरच्या गोष्टींनी पटवून द्यावं लागतं. निकाल दाखवला की हे दुसरं काम आपोआप झालं असं मी धरून चालले होते.

तर आता नव्या मसुद्याची मांडणी अशी :

घटनेने केंद्र आणि राज्यात विषय वाटून दिले आहेत. मासेमारी हा राज्यसूचीतला विषय आहे, नोंद २१. सागरी हद्दीपलीकडची मासेमारी संघसूचीत, नोंद ५७. हद्द म्हणजे १२ सागरी मैल, साधारण २२ किलोमीटर, हे १९७६ च्या केंद्रीय कायद्याने ठरवलं आहे. म्हणजे राज्याकडे जे मागायचं ते १२ मैलांच्या आतलं. त्यापुढचं दिल्लीकडे मागायचं. आमच्या जुन्या निवेदनात दोन्ही मागण्या एकाच वाक्यात होत्या. उत्तर आलंच असतं तर ‘सदर बाब या विभागाच्या अखत्यारीत येत नाही’ असं आलं असतं.

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. केरळचा आणि आपला एकाच साच्यातले आहेत. पारंपरिक मच्छीमारांचं हित, माशांचं जतन आणि समुद्रातली शांतता हे सगळं पाहून राज्याने मासेमारीचं नियमन करायचं, अशी त्यांची रचना आहे. केरळचा निकाल आपल्याला लागू पडतो असं म्हणायचं तर हे साम्य कलमाशी कलम ठेवून दाखवायला हवं.

मग ५ फेब्रुवारी २०१६ चा आपल्याच राज्याचा आदेश. पर्ससीनच्या अभ्यासासाठी राज्याने नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर तो आला. पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचं ठरवलं. त्यामुळे आपली मागणी ‘नवी बंदी आणा’ अशी असायची फारशी गरज नाही. जे ठरवलंय ते किती पाळलं गेलं ते सांगा आणि उरलेलं पाळा, असं म्हणता येतं. सरकारला नवं धोरण मागण्यापेक्षा त्याने स्वतः सही केलेला कागद समोर ठेवणं जास्त जोरदार, असं मला वाटतं.

शेवटी आमच्या नोंदी. त्यावर खाली सविस्तर लिहीन. आधी तुमचं ऐकते.

हर्णैकर | रविवार, रात्री १०.२५

ताई, मनापासून लिहिलंयत. एक प्रश्न. रात्री मासे खेचायला लावतात त्या एलईडी लाईटचं काय? आमच्याकडे खरा त्रास त्याचाच आहे. रात्री समुद्र शहरासारखा दिसतो. तो मुद्दा यातच घ्यायचा का?

रापणकाराची लेक | रविवार, रात्री १०.५०

हर्णैकर दादा, घ्यायचा, पण वेगळ्या परिच्छेदात, कारण त्याचा कायदेशीर पाया वेगळा आहे. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ रोजी आदेश काढून अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे १२ ते २०० सागरी मैलांत, एलईडी आणि कृत्रिम प्रकाशाची मासेमारी आणि बुल ट्रॉलिंग (दोन नौकांनी मिळून एक जाळं ओढणं) बंद केलं. राज्याच्या हद्दीतही एलईडीला मनाई आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने दंड पुष्कळ वाढवला. म्हणजे एलईडीबाबत ‘धोरण करा’ म्हणायचंच नाही. धोरण झालेलं आहे. तिथे अंमलबजावणीचं मागायचं. गस्तीनौका किती दिवस बाहेर पडली, किती प्रकरणं दाखल झाली, किती दंड प्रत्यक्ष वसूल झाला, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला १० रुपये आणि ३० दिवस. आलेलं उत्तर निवेदनाला जोडा.

पूर्वी ही प्रकरणं तहसीलदारांपुढे चालायची. २०२१ नंतर मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांकडे आली. अर्ज योग्य टेबलावर जाऊ दे, नाहीतर महिना असाच जातो.

खाडीकाठचे वकील | सोमवार, सकाळी ७.१५

लेकी, तू त्या निकालातला ‘शकतं’ हा शब्द पकडलास याचं समाधान वाटलं. पस्तीस वर्षं वकिली केलेले लोकही तिथे घसरतात. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. २४ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा तमिळनाडूतला अंतरिम आदेश तुझ्या मसुद्यात नाही. समोरची बाजू तोच आधी दाखवणार. ‘न्यायालयाने पर्ससीनला परवानगी दिली’ अशी त्याचीही चार ओळींची आवृत्ती फिरते आहे. पूर्ण वाच. परवानगी १२ सागरी मैलांच्या पलीकडे. आठवड्यातून दोन दिवस, सोमवार आणि गुरुवार. सकाळी ८ ते संध्याकाळी ६. नोंदणी झालेल्याच नौका, आणि नौकेचा माग ठेवणारी यंत्रणा चालू हवी. शिवाय आदेश अंतरिम आहे, अंतिम नाही. हे सगळं तू स्वतःहून निवेदनात लिही. आपल्याविरुद्धचा कागद आपणच पुढे ठेवला की वाचणाऱ्याचा आपल्या बाकीच्या कागदांवर विश्वास बसतो. आणि नीट पाहिलंस तर तो पूर्ण विरुद्धही नाही. १२ मैलांच्या आत राज्याचा निर्बंध त्याने उठवलेला नाही.

दुसरी. निकाल आज जिवंत आहे का ते तपासायची सवय लाव. कोळंबी शेतीचं उदाहरण घे. १९९६ मध्ये एस. जगन्नाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सागरी किनारा नियमन क्षेत्रातली कोळंबीची तळी काढून टाकायला सांगितली. फार मोठा निकाल. पण २००५ मध्ये संसदेने तटीय जलकृषी प्राधिकरण कायदा केला आणि नोंदणी घेऊन तो धंदा चालवायची वाट काढली. आपल्या खाड्यांवरच्या कोळंबी प्रकल्पांविरुद्ध १९९६ चा निकाल एकटाच जोडून दिलेले अर्ज मी पाहिले आहेत. अर्जदारांची कळकळ खरी होती, पण पायाखालचा कायदा नऊ वर्षांनी बदलला होता.

हल्ली हे तपासणं अवघड नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर संकेतस्थळावर फुकट मिळतात, काहींचे मराठी अनुवादही आहेत. इंडियन कानूनवर एखादा निकाल पुढे कुठे कुठे उद्धृत झाला तेही दिसतं. अनुवाद समजून घ्यायला वापर. उतारा द्यायचा तो मूळ इंग्रजीतून, परिच्छेद क्रमांकासह.

मिरकरवाड्यातून | सोमवार, दुपारी १.०५

मी दुसऱ्या बाजूचा आहे. आमची पर्ससीन नौका आहे, परवाना आहे, बँकेचं कर्ज आहे आणि नौकेवर पंचवीस-तीस माणसं जेवतात. इथे भांडायला आलो नाही. ताईंनी नीट लिहिलंय म्हणून नीटच विचारतो.

तुम्ही म्हणता, न्यायालयाने राज्याला अधिकार आहे एवढंच सांगितलं. मग उद्या राज्याने नवा अभ्यास करून आमचा हंगाम मेपर्यंत वाढवला, तर तोही त्याच अधिकारात बसेल ना? तेव्हा हाच निकाल आम्ही तुमच्यासमोर धरू. केरळच्या प्रकरणातही समित्यांमध्ये एकमत नव्हतंच. तज्ज्ञांत मतभेद असताना काय निवडायचं ते सरकारने ठरवावं, असाच त्याचा अर्थ. आणि सोमवंशी समितीचा अहवाल २०१२ चा. समुद्र तेव्हाचा राहिलाय का?

रापणकाराची लेक | सोमवार, रात्री ९.१०

दादा, दिवसभर कोर्टात होते, पण तुमचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मी हा विचार केला नव्हता.

न्यायालय धोरणाच्या बाबतीत सरकारला मोकळीक देतं, ती दोन्ही दिशांना. केरळच्या निकालावर मी सगळी इमारत उभी केली, तर उद्या सरकार फिरल्यावर तीच इमारत तुमची होईल. आज जेवताना बाबांना हे सांगितलं. ते जेवायचे थांबले आणि म्हणाले, ‘मगे तुझ्या त्या कागदाचो उपयोग काय?’

उपयोग काय याचं मला सापडलेलं उत्तर लिहिते, वकील काकांनी तपासावं.

कायद्याने सरकारला मोकळीक दिली आहे, पण ती वापरताना काय बघायचं तेही सांगितलं आहे. पारंपरिक मच्छीमारांचं हित, माशांचं जतन, समुद्रातली शांतता. निर्णय कुठलाही घ्या, या गोष्टी विचारात घेतल्या होत्या हे दिसलं पाहिजे. हंगाम वाढवणाऱ्या आदेशात रापणीवर काय परिणाम होईल याचा एक शब्द नसेल, तर त्या आदेशाला आव्हान देता येतं, आणि तिथे निकाल आमच्या बाजूला उभे राहतात. म्हणजे ‘बंदी घालाच’ एवढं बंधन कायद्यात नाही, पण ‘आमच्याकडे बघितल्याशिवाय ठरवू नका’ एवढं आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ग) आणि (घ) याला जोडून वाचा. लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण ठरवताना संबंधित तथ्यं प्रसिद्ध करायची, आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना प्रशासकीय निर्णयाची कारणं द्यायची, हे सरकारचं कर्तव्य आहे. त्यासाठी कुणी अर्ज करायचीही गरज नाही.

२०१२ च्या अहवालाबद्दलही तुमचं म्हणणं मी मसुद्यात घेते. नवा अभ्यास व्हावा ही मागणी आम्हीही करू. पण त्यात १२ मैलांच्या आतली आकडेवारी वेगळी काढावी आणि रापण, गिलनेट, पर्ससीन असा जाळ्याचा प्रकार लिहावा. बंदरावर उतरलेल्या एकूण टनांत रापण दिसतच नाही. आमचा मासा बंदरावर येत नाही, तो वाळूवर येतो. आणि अभ्यास होईपर्यंत २०१६ चा आदेश जसा आहे तसा पाळावा.

तुमच्या नौकेवर पंचवीस-तीस माणसं जेवतात, हे मी मान्य करते. आमच्या रापणीच्या दोन दोऱ्यांवरही तेवढीच उभी असतात, कधी जास्त. दोरीला हात लावला त्याचा वाटा. आजी सत्तरीला आली तरी पाटी घेऊन यायची आणि वाटा न्यायची. पर्ससीन माशाकडे जाते, थव्याला गोल जाळं घालून खालून दोरी आवळते. रापण जागची हलत नाही. मासा किनाऱ्याशी आला तर आहे, नाहीतर दिवसभर नुसतं समुद्राकडे बघायचं. बाहेर थवा उचलला गेला की आमच्याकडे दुसरा पर्याय उरत नाही. हितसंबंध तोलायचे तर हा फरकही पारड्यात पडला पाहिजे.

खाडीकाठचे वकील | सोमवार, रात्री १०.००

बरोबर उत्तर सापडलं आहे. एवढीच भर घालतो : कारणं मागण्याची मागणी निवेदनात पहिल्या क्रमांकावर ठेव. न्यायालयात जायची वेळ आली तर कोर्ट आधी विचारतं, तुम्ही सरकारकडे काय मागितलं होतं आणि सरकारने काय उत्तर दिलं? आज लिहिलेलं निवेदन उद्याच्या याचिकेचं पहिलं परिशिष्ट असतं. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका. आणि आता सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या लोकांना उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आपल्यासाठी आहे. सकाळी निघालेला माणूस रात्री घरी येऊ शकतो. गरीब पक्षकारासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

सड्यावरचे गुरुजी | मंगळवार, सकाळी ६.५०

कायद्याचा माणूस नाही, मराठी शिकवतो. वरची चर्चा वाचून शाळेतल्या व्याकरणाचा धडा आठवला. आपल्या मराठी अधिनियमांत ‘राज्य शासन निर्बंध घालू शकेल’ आणि ‘राज्य शासन प्रसिद्ध करील’ अशी दोन प्रकारची क्रियापदं येतात. ‘शकेल’ असेल तिथे मुभा, ‘करील’ असेल तिथे सहसा कर्तव्य. मुलांना मी आता कायद्याचं एक पान देऊन सांगणार आहे की ‘शकेल’खाली निळी आणि ‘करील’खाली लाल रेघ मारा. निवेदन लिहिणाऱ्यांनीही आधी हे करावं. आपली मागणी निळ्या रेघेवर उभी आहे की लाल, ते दिसतं.

लेकी, तू वाचायला दिलेल्या मसुद्यात एका ठिकाणी ‘बंदी घालणे बंधनकारक आहे’ असं अजून राहिलं आहे. शेवटून दुसरा परिच्छेद.

रापणकाराची लेक | मंगळवार, सकाळी ८.०५

गुरुजी, काढलं. तिथे आता ‘बंदी घालण्याचा अधिकार शासनास आहे, आणि पुढील कारणांसाठी तो वापरावा अशी आमची मागणी आहे’ असं केलं आहे. तुमच्या रेघांची पद्धत मी कालच वापरायला हवी होती. १९८१ च्या कायद्याची प्रत आज छापून घेते आणि दोन पेनं घेऊन बसते.

मिरकरवाड्यातून | मंगळवार, दुपारी २.३०

ताई, तुमची मागणी मला मान्य नाही, पण नवा अभ्यास आणि जाळ्यानुसार आकडेवारी याला माझी सही चालत असेल तर देतो. आमच्यातल्या परवानाधारकांनाही विनापरवाना नौकांचा त्रास आहेच. दंड भरून पुन्हा येतात, आणि नाव आमचं खराब होतं. तेवढ्या एका कलमापुरतं आम्ही वेगळं पत्र देऊ.

रापणकाराची लेक | मंगळवार, रात्री ८.४५

दादा, जरूर द्या. दोन विरुद्ध बाजूंनी एकच गोष्ट मागितली तर ती बाजूला ठेवणं कुणालाही जड जाईल. तुमचं पत्र वेगळंच असू दे, म्हणजे आमच्या बाकीच्या मागण्या तुमच्या नावावर लागणार नाहीत.

तांडेल आजो | मंगळवार, रात्री ९.३०

नातू लिहून देता हा. चेडवा, तू मघाशी नोंदींचा म्हणलंस. माझ्याकडे रापणीची वही आसा, माझ्या बापाशीपासूनची. तारीख, खयचो मासो, किती पाटये, काय भाव आणि कोणाक किती वाटो. वाटो चुकान जावचो नाय म्हणान लिवलेली, सरकारसाठी नाय. ती चलात काय? शाई फुटलेली आसा थोडी.

रापणकाराची लेक | मंगळवार, रात्री ९.४५

आजोबा, चलात काय म्हणून काय विचारतास! हीच वही मी दोन महिने शोधते आहे. सरकारसाठी लिहिली नाही हेच तिचं मोठेपण आहे. भांडण सुरू होण्याआधी, वाटा चुकू नये म्हणून, रोजच्या रोज लिहिलेली. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीला कायदाही किंमत देतो.

तिच्यातून मला काय काढायचं ते सांगते. सप्टेंबर ते डिसेंबर हा पर्ससीनचा हंगाम, आणि जानेवारी ते मे जेव्हा तो बंद असायला हवा. दर वर्षी या दोन काळांत रापण किती वेळा लागली आणि बांगडा, तारली किती पाट्या आली, एवढंच वर्षामागून वर्ष मांडायचं. २०१६ च्या आदेशानंतरच्या उन्हाळ्यात काही फरक पडला का ते बघायचं. फरक पडला असेल तर आदेश कामाचा आहे असं म्हणता येईल. नसेल तर तो पाळलाच गेला नाही की कारण दुसरं आहे, हे शोधावं लागेल, आणि तेही आपण लिहायचं. पाणी तापलं असेल, तारली दुसरीकडे गेली असेल. सगळं पर्ससीनवर ढकललं तर मिरकरवाड्याचे दादा पहिल्या बैठकीतच ते खोडून काढतील, आणि तो त्यांचा हक्क असेल.

वही कुणाच्या हातची, कधीपासून कधीपर्यंत, मध्ये खंड कुठे पडला, हे तुमच्या तोंडून एका कागदावर उतरवून घेऊ आणि तुमची सही घेऊ.

तांडेल आजो | मंगळवार, रात्री १०.०५

मधी दोन वर्सां नाय. भाव वारलो तेव्हा कोणी लिवक नव्हता. तां पण लिव. रविवारी वही घेवन येतंय. पाना एकामेकाक चिकाटली हत, आधी सोडवन ठेवू काय?

रापणकाराची लेक | मंगळवार, रात्री १०.१०

नको आजोबा, हात लावू नका. खाऱ्या हवेने चिकटलेली पानं ओढली की शाई दुसऱ्या पानावर जाते. सुती फडक्यात गुंडाळून तशीच आणा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. मी मागच्या पडवीत पंख्याखाली टेबल मांडून ठेवते. आपण एकेक पान सोडवू, तुम्ही वाचा, मी लिहून घेते.